परसातील पोहण्याचा हौद

म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे येथे उन्हाळ्याचे ऊन प्रखर असते. अशा ठिकाणी परसातील हौदात सकाळी घातलेला क्लोरीन सूर्याच्या अतिनील किरणांमुळे दुपारपर्यंत बहुतांशी नाहीसा होतो. पाणी मात्र नितळच दिसते. हा नितळपणा फसवा होय. शेजारच्या केरळात २०२४ साली पाण्यातील अमीबा नाकावाटे मेंदूत शिरून काही मुले दगावली. क्लोरीन या अमीबास मारतो. म्हणून तो सूर्यास्तानंतर घालावा, म्हणजे त्यास रात्रभर अवधी मिळतो. पोहतेवेळी दर लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम शिल्लक असावा. डोळे चुरचुरविणारा उग्र वास पुष्कळांस क्लोरीनच्या विपुलतेचे लक्षण वाटतो. वस्तुतः घाम व मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाल्याने तो येतो. अंग धुऊन उतरल्यास वासही येत नाही आणि क्लोरीनही कमी लागतो.