भिलाईहून सागराकडे : मोटारप्रवासाच्या नियोजनाचा एक अभ्यास

भिलाईच्या हुडको वसाहतीत राहणाऱ्या मराठी कुटुंबात समुद्राचा विषय निघाला की, मनात प्रथम कोकण उभे राहते. गणपतीपुळे, हर्णे, मालवण ही नावे पिढ्यान्‌पिढ्या कानांवरून गेलेली असतात. प्रत्यक्षात कोकणकिनारा येथून हजार किलोमीटरांपलीकडे आहे आणि बंगालचा उपसागर जवळजवळ निम्म्या अंतरावर. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातून येऊन येथे स्थिरावलेल्या कुटुंबांना पूर्वेचा हा किनाराच खरा शेजारचा आहे. विशाखापट्टणम, गोपाळपूर, चिल्का, पुरी आणि कोणार्क ही स्थळे एकाच फेरीत, स्वतःच्या मोटारीने, आठ-नऊ दिवसांत पाहता येतात. अशा फेरीचे नियोजन कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभीच एक स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्यांना केवळ समुद्र पाहावयाचा आहे, त्यांनी मोटार घरीच ठेवावी. दुर्गहून पुरीला थेट आगगाडी आहे आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दुर्ग ते विशाखापट्टणम अशी वंदे भारत गाडीही सुरू झाली. रस्त्याने जाण्याचे प्रयोजन वेगळे आहे. बस्तरचे अरण्य, कोरापुटचे पठार आणि किनाऱ्यावरील लहान लहान गावे ज्यांना पाहावयाची आहेत, त्यांच्यासाठी हा प्रवास आहे.

तारीख आधी, नकाशा नंतर

आपण सहसा नकाशा पुढे घेऊन नियोजनास आरंभ करतो. या किनाऱ्याच्या बाबतीत आरंभ दिनदर्शिकेपासून व्हावयास हवा. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात : एक पावसाळ्यापूर्वीचा, एप्रिल ते जून, दुसरा पावसाळ्यानंतरचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्या सुट्ट्याही नेमक्या याच दोन काळांत पडतात. मुलांच्या परीक्षा संपल्या की मे महिना, आणि पुढे दसरा-दिवाळी.

हा केवळ तर्क नव्हे. ओडिशाचे महाचक्रीवादळ २९ ऑक्टोबर १९९९ रोजी, म्हणजे दिवाळीच्या उंबरठ्यावर आले आणि त्यात सुमारे दहा हजार माणसे दगावली. ‘फायलिन’ १२ ऑक्टोबर २०१३ रोजी, ऐन नवरात्रात, गोपाळपूरजवळ किनाऱ्यावर आदळले. बरोबर एक वर्षाने, १२ ऑक्टोबर २०१४ रोजी, ‘हुदहुद’ने विशाखापट्टणम शहर झोडपून काढले. ‘तितली’ ११ ऑक्टोबर २०१८ रोजी पलासाच्या परिसरात आले. ‘फानी’ने ३ मे २०१९ रोजी पुरीवर घाला घातला, त्या वेळी दहा लाखांहून अधिक लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलविल्यामुळे मनुष्यहानी पुष्कळ कमी झाली. दिवाळी नुकतीच सरली असताना, २८ ऑक्टोबर २०२५ रोजी, ‘मोंथा’ आंध्रच्या किनाऱ्यावर आले. या नोंदींतील गावांची नावे आपल्या प्रवासाच्या आराखड्यातील मुक्कामांशी ताडून पाहावीत. ती जवळजवळ तीच आहेत.

ज्यांना रजेची निवड करता येते, त्यांनी डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ धरावा. हवा कोरडी असते, आणि चिल्का सरोवरात उत्तरेकडून आलेले पक्षी याच दिवसांत दिसतात. नाताळच्या आठवड्यात पुरीला गर्दी मात्र फार असते. ज्यांना दिवाळीतच जाणे भाग आहे, त्यांनी जावे. मात्र आराखड्यात एक संपूर्ण दिवस मोकळा ठेवावा, आणि रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशाच अटीवर खोल्या राखाव्यात. या अटीमुळे भाडे थोडे अधिक पडले तरी ते मान्य करावे.

भारतीय हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे टप्पे ठाऊक असल्यास निर्णय सोपा होतो. चक्रीवादळाची शक्यता दिसताच सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना दिली जाते. त्यानंतर किमान ४८ तास आधी पिवळा इशारा आणि २४ तास आधी नारिंगी इशारा येतो. सहकुटुंब प्रवाशाने नारिंगी इशाऱ्याची वाट पाहू नये. पिवळा इशारा लागला की त्याच दिवशी किनारा सोडावा. त्या वेळी रस्ते मोकळे असतात, पेट्रोल मिळते आणि आत संबळपुरात वा जगदलपुरात खोलीही मिळते. एक दिवस उशीर केला, तर या तिन्हींची शाश्वती राहत नाही.

दोन घाट आणि दिवसाचा उजेड

भिलाईहून विशाखापट्टणम सुमारे सव्वासहाशे किलोमीटर आहे. प्रस्तुत लेखकाने आपल्या पहिल्या आराखड्यात हे अंतर एकाच दिवसाच्या रकान्यात लिहिले होते. प्रत्यक्षात केशकाल घाटात एक मालट्रक बंद पडला, आणि आमच्या गाडीने वळणावर उभ्या उभ्या तीन तास काढले. जगदलपूर गाठेपर्यंत रात्र झाली आणि पुढचा प्रवास आपोआपच दुसऱ्या दिवसावर गेला. तेव्हापासून आम्ही अंतर किलोमीटरांत न मोजता उजेडाच्या तासांत मोजतो.

पहिला टप्पा भिलाई, रायपूर, धमतरी, कांकेर, केशकाल, कोंडागाव, जगदलपूर असा सुमारे ३३० किलोमीटरांचा आहे. पहाटे पाचला निघाल्यास केशकालचा घाट सकाळीच ओलांडता येतो. बारा मोठ्या वळणांच्या या घाटात तेलीन सती मातेचे मंदिर असून मालट्रकांचे चालक तेथे थांबून हात जोडतात. आपणही क्षणभर थांबावे, इंजिनालाही विसावा मिळतो. दुपारी जगदलपूर गाठून खोलीत सामान टाकावे आणि सायंकाळपूर्वी सुमारे ४० किलोमीटरांवरील चित्रकोट धबधबा पाहून यावे. इंद्रावती येथे ९५ फुटांवरून खाली कोसळते. नवरात्राच्या काळात जगदलपुरात बस्तरच्या दसऱ्याचे मुख्य विधी चालू असतात. हा उत्सव तब्बल ७५ दिवसांचा आहे. त्या दिवसांत खोली आधी राखल्याशिवाय येथे मुक्कामाला जाऊ नये.

दुसरा दिवस अधिक कसोटीचा. बोरीगुम्मा, जैपूर (हे ओडिशातील), कोरापुट, पोट्टांगी असे पठार ओलांडून सुंकीचा घाट उतरला की आंध्रातील सालूर लागते आणि पुढे विजयनगरमवरून विशाखापट्टणम. अंतर तीनशे किलोमीटरच, परंतु त्यास आठ तास धरावेत. कोरापुट हे सुमारे ८७० मीटर उंचीवर वसलेले गाव आहे; ओडिशाचे सर्वोच्च शिखर देवमाळी याच जिल्ह्यात आहे. भिलाईच्या सपाट, सरळ जी. ई. रोडवर वाहन चालविण्याची सवय झालेल्या चालकाने सुंकीचा उतार हलक्यात घेऊ नये. सतत ब्रेक दाबून उतरल्यास ते तापतात आणि अखेरीस लागेनासे होतात. ज्या गिअरमध्ये चढ चढावा त्याच खालच्या गिअरमध्ये उतरावे, इंजिनालाच वेग धरू द्यावा आणि ब्रेक वळणापुरता वापरावा. पावसात या घाटात दरडी येतात. म्हणूनच वादळी हवामानात विशाखापट्टणमहून परतीसाठी हा मार्ग सुरक्षित समजू नये.

रायपूर ते विशाखापट्टणम असा ४६४ किलोमीटरांचा नवा सहापदरी महामार्ग आखला गेला असून छत्तीसगडमधील त्याच्या तीन भागांची पायाभरणी जुलै २०२३ मध्ये झाली. त्यात २.८ किलोमीटरांचा बोगदाही आहे. कोणता भाग वाहतुकीस खुला आहे, याची खात्री निघण्यापूर्वी करून घ्यावी. त्याने काही तास वाचतील हे खरे. बस्तर मात्र दिसणार नाही.

किनारी रस्ता नावाचा गैरसमज

विशाखापट्टणमला एक पूर्ण दिवस द्यावा. रामकृष्ण किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ ही नौदलाची निवृत्त पाणबुडी वाळूवर आणून ठेवली आहे आणि २००२ पासून ती आतून पाहता येते. मुलांना समुद्रापेक्षा तीच अधिक आठवणीत राहते, असा अनुभव आहे.

चौथ्या दिवशी उत्तरेकडे निघाल्यावर मात्र अनेकांची निराशा होते. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६ हा किनाऱ्याचा रस्ता म्हणून ओळखला जातो, तरी त्यावरून समुद्र फारसा दिसतच नाही. पूर्वघाटाचे डोंगर आणि सागर यांच्यामधील सपाटीवरून तो जातो. समुद्र हवा असेल तर महामार्ग सोडून उजवीकडे वळावे लागते, आणि प्रत्येक वळणाला तास-दोन तास द्यावे लागतात. विशाखापट्टणम ते भीमुनिपट्टणम हा सुमारे तीस किलोमीटरांचा रस्ता तेवढा खरोखर समुद्राच्या कडेने जातो. तेथे डचांची जुनी दफनभूमी आहे. पुढे वंशधारा नदीच्या मुखावरील कलिंगपट्टणम आणि नंतर थेट गोपाळपूर. भीमुनिपट्टणमसह एवढी दोन-तीन वळणे एका दिवसात पुरेत. अंतर पावणेतीनशे किलोमीटरांपर्यंत जाते.

पाचव्या दिवशी रंभा ते बाळूगाव या पट्ट्यात उजव्या हाताला चिल्का दिसू लागते. समुद्राशी जोडलेले हे मचूळ पाण्याचे विशाल सरोवर १९८१ साली रामसर यादीत समाविष्ट झाले. नावेत बसण्यापूर्वी जीवरक्षक जाकिटे मोजून घ्यावीत. माणसांपेक्षा ती कमी असतील तर दुसरी नाव पाहावी. सायंकाळपर्यंत पुरी.

येथे कोकणाच्या सवयीचा एक घोटाळा होतो. आपल्याला समुद्रावरचा सूर्यास्त ठाऊक. या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो. डिसेंबरात पुरीला सायंकाळी सव्वापाचच्या आगेमागे सूर्यास्त होतो, मुंबईच्या मानाने पाऊण-एक तास आधी. त्यामुळे येथे दिवस पहाटेच सुरू करावा, आणि मोटारीचा प्रवास पाचच्या आत संपवावा.

पुरी ते कोणार्क हा सुमारे ३५ किलोमीटरांचा सागरी रस्ता सुरूच्या झाडांतून जातो. मराठी वाचकाने जगन्नाथ मंदिराच्या सिंहद्वारासमोरील अरुणस्तंभ मुद्दाम पाहावा. हा स्तंभ मूळचा कोणार्कच्या सूर्यमंदिरापुढचा; अठराव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात, मराठ्यांच्या अमलात, तो पुरीला आणून उभा केला गेला. ओडिशा १७५१ पासून १८०३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होते, आणि छत्तीसगडही त्यांच्याच ताब्यात होते. भिलाईहून निघालेला प्रवासी या फेरीत बराच काळ त्यांच्याच जुन्या मुलखातून फिरत असतो.

लाटांविषयी

पूर्वकिनाऱ्यावर, विशेषतः पुरी आणि विशाखापट्टणम येथे, पाण्यात उतरताना अत्यंत सावध राहावे. वाळू अनेक ठिकाणी एकदम खोल उतरते. किनाऱ्यावर आलेले लाटांचे पाणी परत जाताना एखाद्या अरुंद वाटेने वेगाने आत ओढले जाते. फुटणाऱ्या लाटांच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये जेथे पाणी शांत दिसते, बहुधा तीच ही वाट असते. आणि नवखा माणूस शांत म्हणून नेमका तेथेच उतरतो. ओढ लागल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या वाटेच्या बाहेर यावे आणि मग परतावे. ज्यास पोहता येत नाही त्याने गुडघ्यापलीकडे जाऊ नये. पुरीला निमुळत्या टोप्या घातलेले ‘नुलिया’ हे कोळी स्नानार्थींना हात धरून नेतात. त्यांची मदत घेण्यात कमीपणा मानू नये. मागाहून बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी उडी घेणारा नातलगच अनेकदा दगावतो, हे घरातील तरुणांना आधीच सांगून ठेवावे.

मोकळा दिवस, मोकळे पैसे

परतीचा मार्ग पुरी, भुवनेश्वर, अंगुल, संबळपूर, सराईपाली, रायपूर असा सुमारे साडेसहाशे किलोमीटरांचा; संबळपूरला मुक्काम करून दोन दिवसांत तो पार पडतो. वादळाच्या प्रसंगी पुरीहून बाहेर पडण्याची वाटही हीच. गोपाळपूरहून निघायचे झाल्यास आस्का, भंजनगर, फुलबनीमार्गे संबळपूरकडे येता येते, पण त्या वाटेवरही घाट आहे.

संपूर्ण फेरी स्थानिक फिरणे धरून १,९०० किलोमीटरांच्या आसपास जाते. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल, तर सुमारे १२७ लिटर इंधन लागेल. आजचा दर लावून हा खर्च आपणच काढावा. त्यात आठ रात्रींच्या खोल्या, भोजन आणि पथकर मिळवावा. पथकरासाठी फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून अनिवार्य आहे. त्यात पुरेशी शिल्लक आहे ना, हे आदल्या दिवशी पाहावे.

खर्चाची तरतूद आवर्ती ठेवीतून करणे उत्तम. दरमहा ३,००० रुपयांचे बारा हप्ते भरल्यास मुद्दल ३६,००० रुपये होते, व्याज निराळे. आमची सूचना अशी की, आराखडा दहा हप्त्यांचाच करावा. उरलेले ६,००० रुपये आणि व्याज ही मोकळ्या दिवसाची तरतूद होय. ती हाताशी नसली, तर इशारा लागूनही भरलेले भाडे वाया जाऊ नये म्हणून माणूस किनाऱ्यावर थांबतो. ऐनवेळी मुदत ठेव मोडल्यास व्याज कमी होते, आणि क्रेडिट कार्डावर रोख उचलल्यास त्याच दिवसापासून व्याज लागते.

वादळानंतर वीज जाते. वीज नसली की एटीएम, पेट्रोल पंप आणि मोबाईलवरून पैसे देण्याची सोय ही तिन्ही एकदमच ठप्प होतात. म्हणून दोन दिवस पुरेल एवढी रोकड, शंभर-दोनशेच्या नोटांत, दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. किनाऱ्यावर असताना टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये. एटीएम कार्डे पती-पत्नी दोघांकडे, शक्यतो दोन वेगळ्या खात्यांची असावीत. घरातील सारा पैसा एकाच्याच नावे असून तोच रुग्णालयात असल्यास बाकीच्यांचे हाल होतात. ‘दोघांपैकी एक किंवा हयात’ अशा संयुक्त खात्याचा अर्ज शाखेत मिळतो. तो निघण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे, आधीच भरावा.

गाडीचा विमाही काढून वाचावा. केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असेल, तर पुराने वा पडलेल्या झाडाने आपल्या गाडीचे झालेले नुकसान त्यातून मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमा लागतो. तोही असला, तरी पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करण्याच्या प्रयत्नात इंजिन निकामी झाले, तर स्वतंत्र इंजिन संरक्षण घेतले नसल्यास दावा बहुधा नाकारला जातो. गाडीत पाणी शिरल्यास चावी फिरवू नये, ती ओढून न्यावी.

जानेवारीत निघावयाचे असेल, तर आवर्ती ठेवीचा पहिला हप्ता आदल्या जानेवारीत भरावा लागेल. खोल्या ऑक्टोबरमध्ये राखाव्यात आणि गाडीचे ब्रेक, टायर व वायपर निघण्याच्या पंधरा दिवस आधी दाखवून घ्यावेत, म्हणजे काही बदलावे लागल्यास सुटा भाग मागवून बसविण्यास वेळ मिळतो.