सहीला घरी कोण आहे?

लोडाय, कॅलिफोर्निया
सप्टेंबरअखेर

चि. बाळास,


परवा फोनवर तू फार चिडला होतास. वाइन क्लबची तुझी पहिलीच पेटी ऑगस्टमध्ये तीनदा डॅलसला तुझ्या दारापर्यंत आली आणि परत नापाला गेली. ड्रायव्हर बेलसुद्धा वाजवत नाही, नुसती चिठ्ठी चिकटवून पळतो, असं तुझं म्हणणं. त्याची तक्रार करायचंही तू ठरवलं आहेस. ती करण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. हा माझ्या रोजच्या कामातला विषय आहे. वाइनरीच्या पॅकिंगच्या खोलीत मी अशी खोकी भरते, ट्रकवर चढवते, परत आलेली उतरवून घेते. त्यातली किती खोकी नुसती सहीला कुणी नव्हतं म्हणून परत येतात हे बघून जीव हळहळतो.

सही मागणं ड्रायव्हरच्या मर्जीवर नसतं, हे आधी समजून घे. 1933 साली इथली दारूबंदी उठली तेव्हा 21व्या घटनादुरुस्तीने दारूचा कारभार राज्यांच्या हाती दिला. तेव्हापासून प्रत्येक राज्याचे नियम निराळे. एका राज्यातल्या वाइनरीने दुसऱ्या राज्यातल्या घरी थेट वाइन पाठवायची म्हटलं तर पुष्कळ ठिकाणी बंदीच होती. 2005 साली ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड या खटल्यात सुप्रीम कोर्टाने मिशिगन आणि न्यूयॉर्कला सांगितलं की आपल्या वाइनरींना घरपोच विकू द्यायचं आणि बाहेरच्यांना अडवायचं, हे चालणार नाही. निकाल पाच विरुद्ध चार असा काठावर लागला, पण त्यानंतर एकेका राज्याचं दार उघडत गेलं. यूटाचं आजही बंद आहे. परवानगी देताना राज्यांनी अट घातली की खोकं 21 वर्षं पूर्ण झालेल्या माणसाच्या हातातच पडलं पाहिजे, त्याने ओळखपत्र दाखवून सही केली पाहिजे. सरकारी पोस्टाला तर दारू नेण्याची मुभाच नाही. म्हणून आमचा सगळा माल यूपीएस आणि फेडेक्सने जातो, आणि त्यांनीही ही अट लेखी मान्य केलेली असते.

खोक्यावर मी मोठं लेबल लावते: आत दारू आहे, 21 वर्षांवरील व्यक्तीची सही हवी. त्यावरचा बारकोड वाचला की ड्रायव्हरच्या हातातलं यंत्र त्याला पुढे जाऊच देत नाही. ओळखपत्र बघितलं का, जन्मतारीख काय, सही कुणाची, हे भरल्याशिवाय डिलिव्हरी पुरी होत नाही. खोकं दारात ठेवून त्याने स्वतःच सही ठोकली आणि ते उघडकीला आलं, तर नोकरी त्याची जाते. काही राज्यांत अबकारी खात्याची माणसं मुद्दाम वाइन मागवून हे तपासतात. तेव्हा त्या चिठ्ठीवर सही करून ‘दारात ठेवून जा’ असं लिहून तू बाहेर गेलास, ते इथे चालत नाही. पुस्तकं, बूट, भांडी यांना ते चालतं. वाइनला नाही. आणि त्याला गाठून ‘एवढ्या वेळेला सोड ना’ असं तर कधीच म्हणू नकोस. तू वीस डॉलर पुढे केलेस तरी त्याच्यापुढे प्रश्न त्याच्या घराचा असतो.

तुझं वाढणं पुण्यातलं, त्यामुळे तुझा हात आपोआप तिकडच्या सवयींकडे जातो हे मला कळतं. तिकडे पार्सलवाला फोन करतो, ‘सर, घरी आहात का?’ आपण म्हणतो, वॉचमनकडे ठेव, नाहीतर समोरच्या काकूंकडे दे. इथला ड्रायव्हर फोन करत नाही. दिवसाला शंभराच्या वर थांबे असलेल्या माणसाला ते शक्यही नाही. तुमच्या संकुलाचं ऑफिस बाकीची पार्सलं घेतं, पण दारूचं खोकं घ्यायला बहुतेक ठिकाणी नकार देतात. पार्सलच्या कुलूपबंद कप्प्यात तर ते टाकताच येत नाही, कारण कप्पा सही करू शकत नाही. ‘आपल्याकडे एवढं कुणी बघत नाही,’ असं तू म्हणालास. महाराष्ट्रात 1949 च्या कायद्याने दारू बाळगायला आणि प्यायला आजही परवाना लागतो. कुणी विचारत नाही म्हणून आपण तो विसरतो एवढंच. इथे दर खोक्याला विचारतात.

आता मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते उन्हाबद्दल. डॅलसला जुलै-ऑगस्टमध्ये पारा 38 अंशांच्या वर जातो. ट्रकच्या मागच्या भागाला खिडकी नाही, एसी नाही. आतली हवा बाहेरच्याहून तापलेली असते. यूपीएसच्या ड्रायव्हरांना स्वतःसाठीसुद्धा गाडीत एसी नव्हता. 2023 साली त्यांच्या टीमस्टर्स संघटनेने संपाची तयारी ठेवून करार केला, तेव्हा कुठे 1 जानेवारी 2024 नंतर घेतलेल्या गाड्यांना एसी द्यायचं कंपनीने मान्य केलं. जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेतच. त्या गाडीतून तो माणूस दिवसभर चढ-उतार करतो, आणि तुझी बारा बाटल्यांची पेटी 16 ते 18 किलोची असते. तुझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. ती पेटी घेऊन तो जिना चढला, दार उघडलं नाही, आणि तेवढंच वजन घेऊन पुन्हा उतरला. तीन दिवस.

वाइनचंही तेच. ती 13 अंशांच्या आसपास सुखात असते. तिशीच्या पुढे तासन्‌तास राहिली की फळाचा ताजेपणा जातो, शिजवल्यासारखी चव येते. आतली वाइन फुगून बूच वर सरकतं आणि कधी बाटलीच्या गळ्याशी चिकट ओघळ दिसतो. पहिल्या दिवशी तू सही केली असतीस तर पेटी दुपारी तुझ्या थंड घरात असती. त्याऐवजी ती तीन दिवस त्याच ट्रकमध्ये फिरली आणि मग पुन्हा निम्मा देश पार करून नापाला गेली. परत आलेली अशी पेटी मी उघडते तेव्हा बुचांवरून बोट फिरवते. एखादं बूच काचेच्या वर आल्याचं लागलं की ती वाइन आम्ही पुन्हा कुणाला पाठवत नाही.

म्हणून पुढचं सगळं काम खोकं निघण्याआधी करायचं. चांगल्या वाइनरी वसंतात आणि शरदात माल पाठवतात, आणि उन्हाळ्यात ‘हवा निवेपर्यंत थांबवा’ म्हटलं तर आनंदाने थांबवतात. तू कळवलंच नाहीस, म्हणून ऑगस्टमध्ये गेली. कॅलिफोर्नियाहून टेक्सासला ग्राउंडने साधारण तीन-चार कामाचे दिवस लागतात. तेव्हा सोमवारी पाठवा असं सांग. गुरुवारी निघालेलं खोकं वाटेत कुठल्यातरी गोदामात शनिवार-रविवार काढतं. वाइनरीने ट्रॅकिंग नंबर पाठवला की त्याच दिवशी कंपनीच्या ॲपमध्ये घाल. यूपीएसचं माय चॉइस आणि फेडेक्सचं डिलिव्हरी मॅनेजर, दोन्ही फुकट आहेत. गेटचा कोड, इमारत कुठल्या बाजूला, जिना कुठला, हे तिथे लिहून ठेव. गेटवर अडकलेला ड्रायव्हर तुझ्या बेलपर्यंत पोचतच नाही, आणि मग ‘बेल वाजवली नाही’ हे खरंच असतं.

घरी थांबता येणार नसेल तर उत्तम उपाय म्हणजे खोकं दुकानात ठेवून घेणं. यूपीएसचं दुकान, फेडेक्सचं ऑफिस, कधी जवळचं औषधांचं दुकान. सगळीच ठिकाणं दारू ठेवून घेत नाहीत, म्हणून ॲपमध्ये तो पर्याय दिसतो का ते आधी बघ. ऑफिसातून येताना लायसन्स दाखवून उचलायचं. काही दिवसच ठेवतात, त्यामुळे ‘शनिवारी बघू’ म्हणू नकोस. ऑफिसच्या पत्त्यावर मागवणारेही पुष्कळ आहेत. ते सोयीचं आहे, पण मागवण्याआधी साहेबांना आणि रिसेप्शनवरच्या बाईंना विचार. सही त्यांना करावी लागणार आहे, आणि कामाच्या जागी दारूचं खोकं आलेलं काही कंपन्यांना खपत नाही. तू व्हिसावर आहेस, उगाच कुणाच्या डोळ्यावर येऊ नकोस.

आता बेलचं. ड्रायव्हर कधीच चुकत नाहीत असं मी म्हणणार नाही. दिवस संपत आलेला, वजनदार खोकं, तिसरा मजला, आणि सहीचं खोकं म्हणजे घरी कुणी नसणारच असा रोजचा अनुभव. अशा वेळी खालूनच चिठ्ठी लावून जाणारेही असतात. तुझ्या दारावर कॅमेरा आहे ना? त्या तीन दिवसांचं चित्रण बघ. तो वर आला होता आणि तू हेडफोन लावून मीटिंगमध्ये होतास, असं निघालं तर विषय तिथेच संपला. तो आलाच नाही असं निघालं, तर स्थानिक केंद्राला फोन कर, तारीख आणि वेळ सांग आणि एवढंच म्हण की पुढच्या वेळी मी घरी असेन, बेल वाजवायला सांगा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. रागात लिहिलेली तक्रार थेट त्या माणसाच्या नावावर चढते. यूपीएसमध्ये रस्ते सेवाज्येष्ठतेने मिळतात, त्यामुळे तोच माणूस वर्षानुवर्षं तुझ्या दारात येण्याचा संभव मोठा. फेडेक्सच्या ग्राउंडचे ड्रायव्हर कंत्राटदाराकडे नोकरीला असतात, त्यांच्या पाठीशी संघटनाही नसते. दोघांच्याही बाबतीत हात सैल सोडून लिहू नकोस.

तो दारात आला की लायसन्स हातात तयार ठेव. टेक्सासचं लायसन्स, नाहीतर पासपोर्ट. भारतातलं लायसन्स काढून वाद घालू नकोस. ‘मी काय लहान दिसतो का?’ हे तर बोलूच नकोस. ते त्याने दिवसातून कितीदा ऐकलेलं असतं, आणि पिकल्या केसांच्या माणसालाही त्याला विचारावंच लागतं. सही करण्याआधी खोक्याचे कोपरे आणि तळ बघ. ओल असेल, वाइनचा वास येत असेल, आत काच खुळखुळत असेल तर खोकं घेऊ नकोस. फोटो काढ, त्याला शांतपणे सांग, आणि वाइनरीला कळव. भरपाईचा दावा वाइनरी करते, त्या दाव्याशी ड्रायव्हरचा काही संबंध नाही. सगळं ठीक असेल तर त्याच्यासमोर खोकं फोडत बसू नकोस, त्याला पुढे जायचं असतं. थंड पाण्याची सीलबंद बाटली दे. उन्हाळ्यात दाराशी बर्फाच्या डब्यात पाणी ठेवणारी घरं ड्रायव्हरांना पक्की माहीत असतात. वाइनची बाटली मात्र भेट देऊ नकोस. कामावर, कंपनीच्या गाडीत, त्याच्याजवळ दारू सापडली तर तुझ्या प्रेमापायी तो अडचणीत येईल. आणि शुक्रवारी रात्री मित्र जमले असताना खोकं आलं, तर ज्याने अजून घेतलेली नाही त्याने दार उघडावं. समोरचा प्यायलेला दिसला तर खोकं न देता परत जाण्याचा नियम आहे.

नोव्हेंबरात ताई, म्हणजे तुझी आई, येणार आहे. दिवसा घरी तीच असेल, म्हणून सहीचं काम तू तिच्यावर टाकशील असं मला वाटतंच आहे. कायद्याने ते चालतं. ज्याच्या नावाचं खोकं त्यानेच घ्यावं असं नाही, त्या घरातला 21 वर्षांवरचा कुणीही सही करू शकतो. फक्त खोक्यात काय आहे ते तिला आधी स्वतः सांग. दारात अनोळखी माणसाने पासपोर्ट मागितल्यावर, आणि लेबल वाचल्यावर, तिला हे कळता कामा नये. तिला आवडणार नाही कदाचित, पण लपवलंस तर जास्त लागेल. ती नको म्हणाली तर खोकं दुकानात ठेवून घे.

आणखी एक. ह्यूस्टनच्या मित्राला एक बाटली स्वतः पाठवायचं म्हणत होतास. पाठवू नकोस. परवाना आणि करार असलेल्या वाइनरीचं किंवा दुकानाचंच खोकं या कंपन्या घेतात, तुझंमाझं नाही. वर ‘ऑलिव्ह तेल’ लिहून पाठवणारे लोक मी बघितले आहेत. ती बाटली ट्रकमध्ये फुटली की बाकीच्यांची पार्सलं भिजतात आणि जाब ड्रायव्हरला द्यावा लागतो. मित्राच्या नावाने वाइनरीलाच सांग, ते पाठवतील, आणि त्यालाही सहीचं आधी कळव.

नापाला आजच मेल कर. ऑगस्टची पेटी बदलून द्याल का ते नीट विचार, चूक आपल्याकडून झाली हे आधी लिही, आणि नवी पेटी ऑक्टोबरच्या मधल्या एखाद्या सोमवारी पाठवायला सांग. त्या आठवड्यात घरून काम कधी करता येईल ते साहेबांना विचारून मला कळव.

तुझी,
मावशी