मागच्या रांगेतल्या बायका

प्रश्न : बीडमध्ये मी महिलांचा एरोबिक्सचा वर्ग घेते. सुरुवातीला गर्दी होते, मग मागच्या रांगेतल्या बायका गळत जातात. काय चुकतंय?
– एक प्रशिक्षिका, बीड

उत्तर : गाण्यांची यादी बदलण्याआधी मागच्या रांगेत कोण उभं आहे ते पाहा. तुमच्या जिल्ह्यात हा प्रश्न नाजूक आहे. २०१९ मध्ये गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या नीलम गोऱ्हे समितीपुढे बीडच्या ऊसतोड महिलांची पाहणी आली. ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. अशा शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा कमी होऊ शकतो. मग अशी बाई उड्या मारताना लघवी सुटेल म्हणून धास्तावते आणि कारण न सांगता येणं थांबवते. म्हणून नाव नोंदवतानाच, एकटीला बाजूला घेऊन, शस्त्रक्रिया, बाळंतपण, रक्तदाब विचारा. चारचौघींत मुळीच नको. प्रत्येक उडीला जागच्या जागी चालण्याचा पर्याय द्या. तो ‘सोपा प्रकार’ म्हणून जाहीर करू नका, आधी स्वतः करून दाखवा.

वेगाचं माप सोपं आहे : बोलता यावं, गाता येऊ नये. वर्गाकडे तोंड करून उभ्या राहा. ‘उजवा’ म्हणताना स्वतःचा डावा हात उचला, म्हणजे त्यांना आरशासारखं दिसेल. मधूनच मागच्या रांगेत जाऊन तिथून शिकवा. नावं पाठ करा. ‘अमक्याची आई’ नव्हे, तिचं स्वतःचं नाव.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या धावपटू अविनाश साबळेचं उदाहरण देऊन जोश आणायचा मोह होईल. द्या, पण चाळिशीच्या बाईला त्याच्यापेक्षा शेजारीण जास्त पटते. आणि साडी नेसून आलेलीला परत पाठवू नका. पदर खोचून घेतला की बरंच काही जमतं.