गाव मध्ये आलं तर रस्ता कुठून न्यायचा?

मित्रांनो, आपल्या नामपूरहून मालेगावला गेलं की मुंबई-आग्रा महामार्ग लागतो. पिंपळगाव ते धुळे हा त्याचा सुमारे 118 कि.मी.चा भाग पूर्वी दोन पदरी होता. 2005 नंतर तो चौपदरी केला. आपल्याला वाटतं, रस्ता रुंद करायचा म्हणजे कडेला खणायचं, खडी टाकायची आणि रोलर फिरवायचा. पण त्याच्या कितीतरी आधी मोजणी असते.

पहिली मोजणी वाहनांची. रात्रंदिवस सात दिवस माणसं वाहनं मोजतात. पण सगळी वाहनं सारखी धरत नाहीत. मोटार म्हणजे 1. मोटारसायकल अर्धी. ट्रक किंवा एस.टी. 3. ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर साडेचार. आणि बैलगाडी? चक्क 8! मला आधी खरंच वाटेना. बैलगाडी काय आठ मोटारींएवढी असते? गुरुजींनी समजावलं, ती हळू चालते, मागची वाहनं अडकून पडतात, म्हणून जास्त धरायची.

आता हे गणित करा. 1 बैलगाडी, ट्रॉलीचे 2 ट्रॅक्टर, 4 मोटारसायकली. वाहनं 7 च, पण बेरीज 8 + 9 + 2 = 19. कांद्याच्या दिवसांत मार्केटला ट्रॅक्टरांची रांग लागते तेव्हा ही बेरीज किती होईल! म्हणून मोजणी कोणत्या महिन्यात केली तेही बघावं लागतं.

नंतर रुंदी. एक पदर साडेतीन मीटरचा, म्हणजे चार पदर 14 मीटर. दुभाजक, साईडपट्टी आणि गटार वेगळे. शेतातून एवढी जागा काढता येते, पण गावात घरं, दुकानं आणि जुने निंब असतात. नाशिक शहरात रस्ता वरून नेला. तो उड्डाणपूल 2013 साली सुरू झाला. मालेगावात महामार्ग बाहेरून जातो आणि जुना आग्रा रोड गावातून, मोसम पुलावरून. आपल्या गावावरून वाहत जाणारी मोसम ती हीच.

बाहेरून न्यायचा म्हटलं तर शेतं जातात. 2013 च्या भूसंपादन कायद्यात जमिनीबरोबर झाडं आणि विहीर यांचीही किंमत धरतात. पण समजा शेत मधोमध तुटलं, विहीर अलीकडे आणि डाळिंबं पलीकडे राहिली, तर पाणी कसं न्यायचं? बैल कुठून ओलांडायचे? खालून वाट हवी असेल तर नकाशा चालू असतानाच सांगावं लागतं. डांबर पडल्यावर सांगून काय उपयोग?

आपल्या गावातल्या रस्त्याचं कधी असं ठरलं तर मला बायपास बरा वाटतो, कारण शाळेत येताना आम्हाला रस्ता ओलांडावा लागतो. माझ्या मित्राला पटत नाही. त्याच्या वडिलांचं रस्त्यावर चहाचं दुकान आहे. तो म्हणतो, गाड्या बाहेरून गेल्या तर चहा कोण पिणार? याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

पालकांनो, तुम्हाला काय वाटतं ते खालच्या कोऱ्या कागदावर लिहा. पेन्सिल दोऱ्याला बांधली आहे.