हिरवळीचे रोग : आधी ओळख, मग औषध

शाळेचे क्रीडांगण, पंचायत कचेरीपुढील पटांगण आणि गावातील उद्यान यांवरील हिरवळ ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. तिच्यावर मुले अनवाणी खेळतात, कडेकडेने गुरे चरतात आणि भाद्रपदातील चतुर्थीला तेथूनच दूर्वा खुडल्या जातात. हिरवळीसाठी लावली जाणारी हरळी आणि गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा ही एकच वनस्पती होय. तिचे शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. गोव्यात व कोकणात गवताचे अनेक रोग बळावतात तेही याच पावसाळी दिवसांत. म्हणून पिवळा डाग दिसताच फवारणीचा पंप उचलण्याची घाई हितावह नाही.

प्रत्येक डाग हा रोग नसतो. डागावरील गवत मुठीत धरून हळूच ओढावे. ते चटईसारखे सुटून आले, तर मुळे हुमणीने खाल्ली असण्याचा संभव असतो. तेथील माती उकरून पाहावी. सर्वत्र पात्यांची टोके फाटून पांढुरकी झाली असतील, तर दोष गवत कापण्याच्या बोथट यंत्राचा असतो. मध्ये जळलेला आणि कडेने गर्द हिरवा असा डाग बहुधा कुत्र्याच्या मूत्राचा असतो. या कोणत्याही कारणावर बुरशीनाशक चालत नाही.

रोगाची पाहणी सकाळी, दव असतानाच करावी. त्याची प्रमुख लक्षणे पुढीलप्रमाणे :

१. तपकिरी चट्टा : वाटोळे चट्टे वाढत जातात, पहाटे त्यांच्या कडेला धुरकट कडे दिसते. ऱ्हायझोक्टोनिया बुरशीमुळे होणारा हा रोग उष्ण, दमट हवेत व नत्राच्या अतिरेकाने वाढतो.

२. तेलकट कूज : गवत पाण्याने भिजल्यागत काळपट होते व हाताला बुळबुळीत लागते. पाणी वाहते त्या दिशेने रोग पसरतो. कारण पिथियम.

३. डॉलर स्पॉट : सुमारे ५ सेंटीमीटरचे, वाळल्या गवताच्या रंगाचे ठिपके पडतात, दवात त्यांवर कापसासारखे तंतू दिसतात. नत्र कमी पडल्यास हा रोग बळावतो.

४. तांबेरा : पात्यावरून बोट फिरविल्यास नारिंगी भुकटी लागते. सावलीतील, वाढ खुंटलेल्या गवतावर तो अधिक असतो.

५. भूछत्रांचे कडे : जमिनीत पुरलेले लाकूड वा झाडाचा बुंधा कुजत असल्यास भूछत्रे वर्तुळात उगवतात. ते लाकूड खणून काढावे व नवी माती भरावी.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. तपकिरी चट्ट्यावर नत्रखत टाकल्यास रोग वाढतो. डॉलर स्पॉटवर तेच खत, बेताने दिल्यास, गुणकारी ठरते. तसेच अनेक बुरशींवर उपयोगी पडणारे कार्बेन्डाझिम पिथियमवर मात्र निष्फळ ठरते. ओळख चुकली की पैसाही जातो आणि गवतही.

मुख्य उपचार मशागतीचा आहे. पाणी सायंकाळी न देता पहाटे द्यावे, म्हणजे पाती लवकर सुकतात. रोज शिंपडण्याऐवजी थोड्या दिवसांच्या अंतराने, १० ते १५ सेंटीमीटर खोल ओल जाईल इतके द्यावे. पावसाचे पाणी साचू नये म्हणून चर काढावेत. एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक गवत कापू नये. ६ सेंटीमीटरचे गवत ४ सेंटीमीटरपर्यंतच उतरवावे. ओले गवत कापू नये. रोगट भाग शेवटी कापून यंत्र धुवावे. मुळांजवळ साचलेला वाळक्या गवताचा थर दाताळ्याने काढावा.

एवढे करूनही रोग न आटोपल्यास रोगट गवताचा मुळासह नमुना कृषी अधिकाऱ्यांना दाखवावा आणि त्यांच्या सल्ल्यानेच औषध व मात्रा ठरवावी. डब्यावरील चौकोनातील लाल, पिवळा, निळा व हिरवा हे रंग विषारीपणाची उतरती पायरी दर्शवितात, हे फवारणी करणाऱ्यास समजावून द्यावे. फवारलेल्या जागेभोवती दोरी बांधून पाटी लावावी. वेष्टनावरील सूचनेप्रमाणे मुदत संपेपर्यंत मुले व गुरे तेथे जाऊ देऊ नयेत. चतुर्थी जवळ आली असता फवारणी टाळावी, आणि दूर्वांसाठी पटांगणाचा एक कोपरा औषधापासून कायमचा मुक्त ठेवावा.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना भिंग देऊन सकाळची ही पाहणी करावयास लावल्यास रोग वेळीच ध्यानात येईल, आणि वनस्पतिशास्त्राचा एक धडा पुस्तकाबाहेर शिकविला जाईल.