बदलते विद्युतक्षेत्र आणि दोन पावलांमधले व्होल्ट

आपल्या किकवी परिसरात वैशाखातला वळीव गडगडाट घेऊनच येतो. झाडावर वीज पडली, झाडाखाली बांधलेली गाय दगावली आणि जवळच उभा असलेला माणूस वाचला, असे कानावर आले की लोक नशिबाला कौल लावून मोकळे होतात. याचे बरेचसे उत्तर बारावीच्या भौतिकशास्त्रात आहे. आम्ही बँकेतले कारकून, त्यातून कला शाखेचे पदवीधर. तरीही घरातल्या मुलांसोबत हा धडा बसून वाचला. तो आमच्या खातेवहीतलाच निघाला.

क्षेत्र सगळीकडे सारखे असेल तर हिशेब सोपा असतो. क्षेत्राला अंतराने गुणले की विभवांतर मिळते. मुले हेच सूत्र पाठ करतात आणि क्षेत्र बदलते असले तरी तेच वापरतात. चूक तिथे होते.

वीज जमिनीत शिरली की प्रवाह अर्धगोलासारखा चोहीकडे पसरतो. अर्धगोलाचे पृष्ठफळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून क्षेत्र त्याच वर्गाने घटते. प्रवाह ३०,००० अँपिअर आणि मातीची रोधकता १०० ओहम-मीटर धरू. मग क्षेत्र साधारण ४,८०,००० भागिले अंतराचा वर्ग एवढे येते. म्हणजे १० मीटरवर मीटरला ४८०० व्होल्ट आणि २० मीटरवर १२००. आता या दोन जागांमधले विभवांतर किती?

सुरुवातीचे क्षेत्र धरून गुणले तर ४८,००० येतात, शेवटचे धरले तर १२,०००. दोन्हींची सरासरी घेतली तर ३०,०००. तिन्ही उत्तरे चुकीची आहेत.

इथे बँक आठवावी. पूर्वी बचत खात्याचे व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळे. मधले दिवस खात्यात कितीही रक्कम असो, ती धरली जात नसे. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज मोजले जाऊ लागले. रोजची शिलक घ्यायची आणि बेरीज करायची. इथेही तेच करावे, फक्त दिवसाच्या जागी मीटर घ्यावा. प्रत्येक मीटरच्या आरंभीचे क्षेत्र घेऊन बेरीज केली तर सुमारे २५,८७० येतात. शेवटचे घेतले तर सुमारे २२,२७०. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. मीटरऐवजी वीत, वितीऐवजी बोट असे तुकडे लहान करत गेलो की दोन्ही बेरजा एकाच आकड्याकडे सरकतात. या बेरजेलाच इंटिग्रेशन म्हणतात. नाव इंग्रजी असल्यामुळे मराठी माध्यमातली आपली मुले उगाच बिचकतात.

एक भागिले अंतराचा वर्ग, याचे संकलन वजा एक भागिले अंतर असे येते. म्हणून ४,८०,००० ला (१/१० वजा १/२०) ने गुणावे. उत्तर २४,००० व्होल्ट. क्षेत्राच्या दिशेने जाताना विभव घटते, म्हणून पुस्तकातल्या सूत्रात वजा चिन्ह असते. वीज बहुधा ऋण प्रभार खाली आणते, तेव्हा दिशा उलटते. आकडा तोच राहतो.

आता गाय आणि माणूस. झाडापासून १० मीटरवर, झाडाच्या दिशेने पाऊण मीटरचे पाऊल टाकलेल्या माणसाच्या दोन पायांत सुमारे ३३५० व्होल्ट येतात. तिथेच झाडाकडे तोंड करून उभ्या गाईच्या पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटर अंतर असते. तिथे सुमारे ६२६० व्होल्ट. शिवाय तिचे हृदय नेमके त्या वाटेवर. माणसाचा प्रवाह बराचसा एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. गाय झाडाला आडवी उभी असेल तर तिचे सगळे पाय झाडापासून जवळपास सारख्या अंतरावर येतात आणि विभवांतर पुष्कळ कमी होते. ५० मीटरवर तीच दीड मीटरची गाय सुमारे २८० व्होल्टांवर येते.

हे आकडे एकसारखी माती धरून काढले आहेत. आपल्याकडे थोड्या मातीखाली मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे वेगळे येतील. अगदी बुंध्याजवळ तर हे सूत्र चालतच नाही.

ढग गडगडू लागले की झाड सोडून पक्क्या घरात जावे, जनावरेही झाडाखालून सोडवावीत. उघड्यावर अडकलात तर पाय जुळवून उकिडवे बसावे. हा शेवटचा उपाय आहे, पुरते संरक्षण नव्हे. तुटून पडलेल्या वीजतारेभोवतीही जमिनीत असेच क्षेत्र असते. तिथून लांब ढांगा टाकत पळू नये. पाय जुळवून, जमिनीला घासत, अगदी छोट्या पावलांनी दूर व्हावे आणि १९१२ वर कळवावे.