नव्याने बांधलेलं रोटरी इंजिन इतका धूर का सोडतं?

प्रश्न : माझदा आरएक्स-७ चं इंजिन नव्याने बांधून पहिल्यांदा सुरू करतानाचं चित्रण पाहिलं. कितीतरी वेळ सेल्फ मारूनही गाडी पकडेना. पकडली तेव्हा अख्खं गॅरेज धुराने भरलं, तरी मेकॅनिक मंडळी खूश! आपल्याकडे काम काढलेल्या गाडीने असा धूर सोडला तर मालक मेकॅनिकची मानगूट धरेल. हा काय प्रकार आहे?

उत्तर : तो धूर येणारच होता, हे त्यांना ठाऊक होतं. या इंजिनात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. कंबरेत किंचित आवळलेल्या लांबट पोकळीत तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांवर खाचेत बसवलेली बारीक पट्टी म्हणजे अपेक्स सील, आणि दोन्ही अंगांना आणखी छोटे सील. बांधणी करताना हे सगळं आणि पाण्याच्या मार्गाभोवतीच्या रबरी रिंगा जागच्या हलू नयेत म्हणून बरेच कारागीर त्या व्हॅसलिन लावून बसवतात, भिंतींनाही ऑइल चोपडतात. इंजिन पेटलं की ते जळू लागतं. शिवाय सील कोरडे पडू नयेत म्हणून रोटरी इंजिन नेहमीच थोडं ऑइल जाळतं. पहिल्या वेळी अनेकजण पेट्रोलमध्येही टू-स्ट्रोक ऑइल घालतात, पूर्वी स्कूटरसाठी पंपावर मिसळून घ्यायचो तसं.

आता गाडी पकडत का नाही? सेल्फवर इंजिन मिनिटाला जेमतेम २५० फेरे घेतं. एवढ्या वेगात सीलला भिंतीवर दाबते ती मुख्यतः मागची स्प्रिंग. वायूचा दाब आणि फिरण्याचा जोर नंतर मदतीला येतात. नवे सील अजून घासून बसलेलेही नसतात, त्यामुळे कॉम्प्रेशन गळतं. त्यात सेल्फ मारत राहिलं की पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि कॉम्प्रेशन आणखी पडतं. अशा वेळी हट्ट करू नये. पेट्रोल तोडायचं, प्लग काढून इंजिन फिरवून आतलं पेट्रोल बाहेर काढायचं, भोकातून थोडं ऑइल सोडायचं आणि सुके प्लग लावून पुन्हा प्रयत्न करायचा.

माझ्या मते खरा कस त्याआधीच लागतो. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद ठेवून, प्लग काढून, थांबत थांबत सेल्फ मारायचा तो ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. तो हलत नसेल तर पुढे जाणं म्हणजे नवीन बेअरिंगांची वाट लावणं. याच वेळी कानही द्यावा. प्रत्येक रोटरला तीन बाजू, म्हणून प्लगच्या भोकातून एकसारखे फुसकारे यायला हवेत. तिनांतले लागोपाठचे दोन मंद आले तर त्या दोन्हींच्या मधल्या अपेक्स सीलवर संशय घ्यावा.

या पट्ट्यांनी हिरोशिमातल्या माझदाच्या इंजिनिअरांचीही परीक्षा पाहिली आहे. साठच्या दशकात तिथल्या चाचणी इंजिनांत त्या थरथरून भिंतीवर ओरखडे पाडत. तिथे त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतो यांच्या तुकडीने कार्बन-ॲल्युमिनियमचे सील वापरून तो प्रश्न सोडवला, तेव्हा १९६७ मध्ये माझदाची कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी गाडी बाजारात आली. १९९१ मध्ये माझदाच्याच चार रोटरच्या ७८७बी ने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली.

धुराचं म्हणाल, तर व्हॅसलिन आणि ऑइलचा धूर इंजिन तापेल तसा विरत जातो. पांढरा धूर थांबतच नसेल, त्याला गोडसर वास असेल आणि रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर पाण्याची रबरी रिंग गळते आहे. इंजिन पुन्हा खोलायचं, दुसरा इलाज नाही.

आणि पहिल्यांदा सुरू झालं म्हणून निश्चिंत होऊ नये. चांगलं तापू द्यावं, बंद करावं आणि लगेच सेल्फ मारून पाहावा. कॉम्प्रेशन कमी असलेलं रोटरी इंजिन थंड असताना एक वेळ पकडेल, पण गरम झाल्यावर हटकून अडून बसतं.